राखेची ड्यूटी

पळस फुलला की माझ्या उजव्या हाताच्या अंगठ्याला घाम येतो. डाव्या नाही, फक्त उजव्या. डॉक्टरला दाखवलं. तो म्हणाला, "शुगर तपासून घ्या." तपासली, ठीक निघाली. आता त्याला कसं सांगणार, की डॉक्टरसाहेब, हा अंगठा गुन्हेगार आहे आणि दर फाल्गुनात त्याला आपला गुन्हा आठवतो!

यंदाही फाल्गुन वेळेवर आला. कुंडमकडे जाणाऱ्या रस्त्यावर पळसाला पान म्हणून नाही, नुसत्या ज्वाळा. शहरात सेमलाची, म्हणजे सावरीची, जाडजूड लाल फुलं स्कूटरच्या सीटवर धप्पकन पडतात आणि दचकायला होतं. सकाळी स्वेटर, दुपारी पंखा. गल्लीतल्या प्रत्येक घरातून कुणीतरी काहीतरी पाठ करत असतं आणि प्रत्येक घरातली आई टीव्हीचा आवाज कमी करायला ओरडत असते, तेही टीव्हीपेक्षा मोठ्या आवाजात. परीक्षेचा मोसम. माझी मुलगी रेवा यंदा बारावीला आहे. दोन वर्षांपूर्वी ती दहावीला होती आणि तो महिना मला दिवस न दिवस आठवतो. त्या महिन्यात मी एक आग विझवली होती. माझ्या नोकरीत आग विझवल्याबद्दल शाबासकी मिळते. त्या आगीबद्दल मात्र मी अजून तोंड लपवून फिरतो.

मी जबलपूरच्या एका संरक्षण कारखान्यात अग्निशमन विभागात आहे. बावीस वर्षं झाली. आमच्या फाटकावर रोज खिसे तपासतात, काडेपेटी आहे का म्हणून. बिडी नाही, लायटर नाही, बुटाला खिळा नाही, फोनसुद्धा बाहेरच जमा. आत इतका दारूगोळा, की ठिणगी हा शब्दही लोक हळू उच्चारतात. नवीन होतो तेव्हा आमचे उस्तादजी शिकवायचे, "आग दिखे तो पहले हाथ चले, दिमाग बाद में. जो सोचने बैठा, वो गया." मी नाही बसलो विचार करायला. बावीस वर्षांत कधीच नाही. घरात माझी बायको मेधा देवापाशी निरांजन लावते तेव्हाही माझा हात आपोआप पाण्याचा तांब्या जवळ सरकवतो. ती म्हणते, "अहो, देवाला तरी थोडं जळू द्या."

या हाताने मला आधीही तोंडघशी पाडलंय. एकदा चैत्राच्या सुरुवातीला कुंडमला एका लग्नाला चाललो होतो. रस्त्याकडेला मोहाच्या झाडाखाली पाचोळा पेटलेला दिसला. स्कूटर आडवी टाकली, कोट काढला, तोही लग्नाचा, आणि लागलो कोटाने आग झोडपायला. चार मिनिटांत सगळं साफ. घाम पुसून वर बघतो तर हातात हिरवी फांदी घेऊन एक म्हातारी माझ्याकडे बघत उभी. "अरे, जो का कर रए हो? महुआ बीनबे खों हमईं ने जलाई है!" मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून लोक झाडाखालचा पाचोळा जाळतात, आणि ती विझेपर्यंत तिथून हलत नाहीत, हे मला नंतर कळलं. म्हातारी आगीवर पहारा देत होती. मी तिच्या पहाऱ्यावर पहारा दिला. लग्नात माझ्या अंगाला धुराचा वास येत होता आणि वऱ्हाडी मंडळी आचाऱ्याला दोष देत होती.

अशा माणसाच्या घरी मुलगी जन्मली आणि तिला वेड लागलं आगीच्या प्राण्यांचं.

त्या खेळाचं नाव जीवगढ. तेच कार्टूनचंही नाव. बाहेरच्या देशातलं, पण हिंदीत डब केलेलं. शेकडो चित्रविचित्र जीव, ते पकडायचे, पाळायचे, एकमेकांशी झुंजवायचे. कुणी पाण्याच्या जातीचा, कुणी मातीच्या, कुणी वाऱ्याच्या, कुणी आगीच्या. रेवा पाचवीत असल्यापासून शाळेतून आली की दप्तरासकट टीव्हीपुढे. तिला बाकीच्या जातींशी देणंघेणं नव्हतं. मी शेजारी बसून पोहे खात बघायचो आणि मनातल्या मनात प्रत्येक प्रसंगात आग विझवायची बादली कुठे ठेवता आली असती ते ठरवायचो. पण खरं सांगतो, त्या आगवाल्यांनी मलाही नादी लावलं. एक होता काडीभुंगा. काडेपेटीच्या काडीएवढा भुंगा, आयुष्यात एकदाच पेटू शकणारा, त्यामुळे कधीच न पेटणारा. नुसती धमकी द्यायचा. आमच्या विभागात असे दोघे आहेत. एक होती उन्हाळ्यातल्या झळांची बनलेली कोल्हीण. ती दिसायची नाही, तिच्यामागची झाडं सुकत जायची तेवढी दिसायची. आणि एक होता अंगीठू.

अंगीठू म्हणजे चालतीबोलती शेगडी. गोल गरगरीत, पोटाला जाळी, जाळीआड निखारे, आणि उचकी लागली की तोंडातून धुराचं एक वेटोळं. बाकीचे आगवाले रागावले की पेटत. अंगीठूला राग यायचाच नाही, थंडी वाजायची. लढाईत तो हरायचा आणि हरल्यावर जिंकणाऱ्याजवळ ऊब द्यायला जाऊन बसायचा. असा प्राणी कोण पाळणार? रेवाने पाळला. कारण तो तिला गुरलीनने दिला होता.

गुरलीन सदरला, छावणीच्या भागात राहायची, एका फौजी अधिकाऱ्याची मुलगी. सदरच्या मुलांना मैत्री लवकर करायची सवय असते, कारण बदलीचा हुकूम दारामागेच उभा असतो. तीन वर्षं ह्या दोघी एका बाकावर बसल्या, एका डब्यात जेवल्या, सदर बाजारात हातात हात घालून हिंडल्या. मग हुकूम आला. जायच्या आदल्या दुपारी गुरलीन आमच्या अंगणात बसली, दोघींनी फोनला फोन लावला आणि तिने आपलं एक अंडं रेवाच्या खेळात पाठवलं. त्यातून अंगीठू निघाला. नाव गुरलीननेच ठेवलं, तंदूर. "तू इसको बड़ा करना. जिस दिन बड़ा हो जाए, मुझे दिखाना. मैं जहाँ भी होऊँगी, देखूँगी."

मोठा होणं ही त्या खेळातली सगळ्यात मोठी गोष्ट. अंगीठू वयात आला की त्याचा भट्टासुर होतो. कधी, ते कुणी सांगू शकत नाही. दोघींचे फोन आधी रोज झाले, मग आठवड्याला, मग वाढदिवसाला. पण तंदूर होता. तंदूर मोठा झाला की गुरलीनला दाखवायचा होता, म्हणजे गुरलीनला फोन करायला कारण होतं. मला तेव्हा हे काही कळलं नव्हतं. मला वाटायचं, पोरगी शेगडीशी खेळून राहिली.

दहावीची परीक्षा आली तसं रेवाने स्वतःहूनच फोन माझ्या हातात दिला. "बाबा, पेपर होईपर्यंत मी गेमला हात नाही लावणार. पण तंदूरला तुम्ही सांभाळायचं."

"मी काहून? आईला दे ना."

"आई विसरते. तुमची तर नोकरीच आहे ना, आगीवर लक्ष ठेवायची."

अशी थोरवी गायल्यावर माणूस नाही म्हणतो का? तिने वहीचं पान फाडून सूचना लिहून दिल्या. रोज सकाळी दोन लाकडं. दुपारी थोडं ऊन. कुणाशी झुंज नाही. आणि पाणी कधीच नाही. 'कधीच' खाली तीन रेघा. मी पान घडी करून खिशात ठेवलं. पानाच्या मागच्या बाजूलाही काही लिहिलंय का, हे मी बघितलं नाही. सरकारी माणूस आयुष्यभर लोकांना 'मागे पाहा' लिहिलेले फॉर्म देतो आणि स्वतः कधी मागे पाहत नाही.

बारा दिवस मी तंदूरला नेटाने सांभाळलं. गंमत म्हणजे मला तो आवडायला लागला. मी लाकूड टाकलं की तो आधी माझ्याकडे बघायचा, मग लाकडाकडे, मग उचकी द्यायचा. माझे वडील जेवायला बसताना तसेच करत.

गणिताच्या आदल्या दिवशी रविवार होता. मेधा बाजारात गेलेली. रेवा आतल्या खोलीत. मी व्हरांड्यात बसून तंदूरला लाकडं घातली. त्याने उचकी दिली नाही. पोटाची जाळी लाल झाली, मग पिवळी, मग पांढरी. जाळीतून एक ज्वाळा बाहेर आली, मग दुसरी, मग सगळा पडदा आगीने भरला आणि फोनमधून भोंगा वाजायला लागला. खाली दोन बटणं उगवली. एकावर लिहिलं होतं 'पानी डालें'. दुसऱ्यावर 'देखते रहें'.

आधी हात, मग डोकं.

छस्स्स. पडदा धुराने भरला आणि मला, आता लाज वाटते सांगायला, दोन सेकंद फार बरं वाटलं. काम फत्ते! मग धूर विरळ झाला. मध्ये तंदूर उभा होता, काळा ठिक्कर, पाणी निथळत असलेला. त्याने माझ्याकडे बघितलं. मग लाकडाकडे. एक उचकी दिली, तिच्यातून धूर आला नाही. आणि तो बसल्या जागी राख झाला.

आतून रेवाचा आवाज आला. "बाबा, कसला आवाज आहे?"

"काही नाही. कुकर."

"आई तर बाहेर गेली आहे ना?"

"शेजारचा."

खिशातलं पान काढलं. 'कधीच'खालच्या तीन रेघा बघितल्या. मग पहिल्यांदाच पान उलटलं. मागे हिरव्या पेनाने, मोठ्या अक्षरात: 'खूप आग दिसली तर घाबरायचं नाही!! तंदूर मोठा होऊन राहिला असेल. काहीच करायचं नाही. नुसतं बघायचं. आणि मला बोलवायचं, पेपर असला तरी!!'

कारखान्यात आग विझवली की आम्हाला अहवाल भरावा लागतो. आग कशाने लागली, कोणी विझवली, नुकसान काय. व्हरांड्यात बसल्या बसल्या मी मनात तो अहवाल भरून बघितला. नुकसानाच्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना.

मेधा आली तिला मी स्वयंपाकघरात नेऊन सगळं सांगितलं. तिने भाजीची पिशवी खाली ठेवली. "अहो, खेळातली आग विझवली तुम्ही?"

"हात गेला."

"त्या पोरीचा उद्या गणिताचा पेपर आहे. शेवटचा पेपर होईपर्यंत तोंडातून एक अक्षर काढायचं नाही. समजलं? अन् हे असं तोंड घेऊन तिच्यापुढे जाऊ नका, कुणी वारल्यासारखं."

वारलंच होतं की कुणीतरी.

तिथून पुढे रोज सकाळी रेवा दही-साखर खाता खाता विचारायची, "तंदूर कसा आहे?" आणि मी म्हणायचो, "मस्त. लाकडं खाऊन राहिला." पहिल्या दिवशी एवढंच म्हटलं. पण खोट्याला अंगीठूसारखीच रोज लाकडं लागतात. दुसऱ्या दिवशी मी तंदूरला तीन उचक्या लावल्या. तिसऱ्या दिवशी त्याला उन्हात झोप लागली. चौथ्या दिवशी तो म्हणे माझ्याकडे बघून हसला. रेवा तेवढं ऐकून स्वतःही हसायची आणि पेपरला जायची. त्या हसण्याच्या जोरावर ती तिथे तीन तास लिहीत होती, आणि ते हसणं उभं होतं मूठभर राखेवर. कारखान्यात खोट्या सरावाचा भोंगा वाजला तरी मी आधी खिशातलं ते पान चाचपायचो.

राख तशीच होती. फोन उघडला की रोज एक प्रश्न यायचा, 'राख बुहार दें? हाँ / नहीं'. मी रोज 'नहीं' दाबायचो. त्यात माझी हुशारी काही नव्हती. आमच्याकडे आग विझली की एका माणसाला राखेजवळ बसवतात. राख पार निवेपर्यंत त्याने उठायचं नाही, झाडू लावू द्यायचा नाही, दर तासाला वहीत लिहायचं 'सब शांत'. त्याला आम्ही राखेची ड्यूटी म्हणतो. ऐन उमेदीत मी एवढी राख राखलीय, की कुणी झाडायचं म्हटलं की तोंडून 'नाही'च निघतं. मी ती राख खेळातल्या झोळीच्या अगदी तळाच्या कप्प्यात सरकवली आणि दुसरी लबाडी सुरू केली.

ठरवलं, नवा अंगीठू पकडायचा. तसाच दिसणारा. तिला काय कळतंय!

रानातला अंगीठू फक्त भर दुपारी बारा ते दोनमध्येच दिसतो, खेळातलं घड्याळ खऱ्या घड्याळाबरोबर चालतं. कारखान्यात फोन नेता येत नाही. म्हणजे रजा टाकणं आलं. रेवाचे पेपर साडेदहा ते दीड. मी पेपरच्या प्रत्येक दिवशी किरकोळ रजा टाकली, तिला सिव्हिल लाइन्समधल्या केंद्रावर सोडलं आणि फाटकासमोरच्या कडुलिंबाच्या पारावर ठाण मांडलं.

परीक्षा केंद्राबाहेरचे आईबाप म्हणजे निराळीच जमात. कुणी जपमाळ ओढतं, कुणी प्रश्नपत्रिका बाहेर यायच्या आधीच तिची उत्तरं सांगतं, कुणी लेकीची पाण्याची बाटली छातीशी धरून उभं. आणि त्यांच्यात मी. सेहेचाळीस वर्षांचा, अर्धा पिकलेला, फोनवर वाकून ओरडणारा, "अरे, पकड पकड! गेला हरामखोर!"

शेजारी एक मिश्राजी बसायचे. त्यांचा मुलगा आत होता. दोन दिवस त्यांनी सहन केलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "भाईसाहब, बुरा न मानें. बच्ची अंदर परीक्षा दे रही है, और आप यहाँ..."

"मेरी भी परीक्षा ही है जी."

"किस चीज़ की?"

"आग की."

मिश्राजी जरा बाजूला सरकून बसले.

सामाजिक शास्त्राच्या दिवशी, एक वाजून दहा मिनिटांनी, मला अंगीठू गवसला. हुबेहूब. तशीच जाळी, तसेच डोळे. खेळाने विचारलं, पकडणाऱ्याचं नाव? मी आनंदाच्या भरात टाइप केलं, 'रेवा के पापा'. पाळलेल्याचं नाव? 'तंदूर'. आणि डोळे मिटून कडुलिंबाला टेकलो. कितीतरी दिवसांनी मला पानांचा कडवट वास आला.

शेवटचा पेपर झाला. रेवा पळतच फाटकाबाहेर आली, पट्टी, कंपासपेटी सगळं माझ्या हातात कोंबलं आणि फोन हिसकावून घेतला. "तंदूऽऽर!" मी शहाजोगासारखा बघत उभा. तिने त्याला एक लाकूड घातलं. त्याने आधी लाकडाकडे बघितलं. तिच्या कपाळावर एक बारीक आठी आली. मग तिने कुठलंतरी बटण दाबलं आणि पडद्यावर एक कागद उघडला. त्या खेळात प्रत्येक जिवाची एक नोंद असते, जन्म कधीचा, पहिला पाळणारा कोण, मग कोणाकडे गेला. आमच्या सेवापुस्तिकेसारखी. वीस वर्षं ज्याने दर वर्षी स्वतःची सेवापुस्तिका तपासून सही केली, त्याला हे सुचू नये!

तिथे लिहिलं होतं, 'पहला मालिक: रेवा के पापा'.

गुरलीनचं नाव नव्हतं. गुन्ह्याच्या जागी मी स्वतःच्या हाताने स्वतःचं नाव घालून ठेवलं होतं.

रेवाने फोन माझ्या खिशात परत घातला. ओरडली असती तर मी मिनतवारी तरी केली असती. ती स्कूटरवर मागे बसली. आम्ही निघालो. मी हेल्मेटच्या आतून सगळं सांगत होतो, भोंगा, दोन बटणं, हात, कागदाची मागची बाजू. सदरच्या वळणावर, जिथे त्या दोघी खोव्याची जिलबी खायच्या, तिथे तिचा आवाज आला.

"राख?"

"काय?"

"राख झाडली का, बाबा?"

"नाही. आहे. अगदी खाली ठेवलीय."

"रोज विचारत होता ना तो? झाडू का म्हणून?"

"रोज. मी रोज नाही म्हटलं. राख निवल्याशिवाय झाडत नाहीत, रेवा."

तिने माझ्या पाठीवर कपाळ टेकलं. ती रडत होती की हसत होती हे मला आरशात दिसेना. आरशात तिच्या डोक्याचा फक्त भांग दिसत होता. मग ती म्हणाली, "राख ठेवली तर त्यात निखाऱ्याचा दाणा राहतो कधीकधी. रोज फुंकर घालायची असते. किती दिवस, ते सांगत नाहीत. कधीकधी काहीच होत नाही." आणि जरा थांबून, "विझवला तुम्ही. फुंकर पण तुम्हीच घालायची."

त्या दुपारी तिने गुरलीनला फोन केला. दार लावून घेतलं. मी दाराबाहेर पाय न वाजवता उभा राहिलो, निकालाला उभं राहावं तसा. आतून फोनमधून गुरलीनचा आवाज, "ओए! फायरवाले अंकल ने बुझा दिया? अंकल ने?" आणि मग दोघींचं हसणं, थांबेचना. तासभर बोलत होत्या. मला त्या हसण्याने जरा उतार पडला. पण जराच. कारण फुंकर घालायची होती.

दोन वर्षं झाली. रोज सकाळी गच्चीवर उभा राहून मी फोनच्या तोंडाशी तोंड नेऊन फुंकर घालतो. समोरच्या गच्चीवरचे पटेलजी विचारतात, "प्राणायाम चल रहा है?" मी म्हणतो, "हाँ जी, भस्त्रिका." भस्त्रिका म्हणजे लोहाराचा भाता. अगदीच खोटं नाही. फुंकर घातली की राखेचा एक थर उडतो आणि खाली तशीच राख. 'सब शांत'. वहीत लिहीत नाही, एवढंच. तो नकली अंगीठू अजून आहे. रेवाने त्याचं नाव सीएल ठेवलं, माझ्या सगळ्या किरकोळ रजा त्याच्यापायी गेल्या म्हणून. तो खाऊन खाऊन लठ्ठ झालाय.

आणि घरात एक बोलणं रूढ झालं. मेधा नवीन काही करायला घेते, मी तोंड उघडतो, ती म्हणते, "पाणी टाकू नका." यंदा रेवाने कॉलेजांचे फॉर्म भरले. इंदूर, पुणे, त्याहूनही लांब कुठे कुठे. मी म्हटलं, "इतकं लांब काहून? तिथल्या हॉस्टेलांचं वायरिंग कसं असतं, आग लागली तर बाहेर पडायचा दुसरा जिना तरी..."

रेवाने मान वर केली नाही. "बाबा, पाणी टाकू नका ना."

त्या दिवशी अंगठ्याला फार घाम आला.

तंदूरबद्दल ती आता विचारत नाही. मी आपण होऊन सांगितलं, "आजही फुंकर घातली," तर "हं" म्हणते आणि रसायनशास्त्रात डोकं घालते. तिला परीक्षेची काळजी. मला वाटायला लागलं होतं, की आपण एकटेच राखेपाशी बसलोय आणि ज्याने ड्यूटी लावली तो घरी निघून गेलाय. मग आज सकाळी, केंद्राच्या फाटकातून आत जाताना, ती पाच पावलं गेली आणि वळली. "बाबा, आज घातली?"

"नाही अजून. तुला सोडायच्या गडबडीत..."

"मग घाला." आणि ती आत गेली.

मी जुन्याच पारावर बसलो. कडुलिंबाची कोवळी तांबूस पानं. भोवती आईबाप, बाटल्या, जपमाळा. मिश्राजीही होते, त्यांचाही मुलगा बारावीला. मला बघून त्यांनी नमस्कार केला आणि सवयीने थोडे लांब बसले. केंद्रापाशी पावणेएकपर्यंत नेटवर्कच येईना. आलं तसा मी फोन काढला आणि फुंकर घातली. राखेचा थर उडाला.

खाली एक लाल ठिपका होता.

मला वाटलं, पानांतून ऊन पडलंय. फोन पदरात घ्यावा तसा शर्टाखाली घेतला. ठिपका तसाच. मोहरीएवढा. मग तुरीएवढा. मग राख आतून हलली, एक काळी, वेडीवाकडी जाळी वर आली, आणि जाळीआडून एक बारीकशी उचकी ऐकू आली. तिच्यात धूर होता.

आणि खाली दोन बटणं उगवली.

मी फोन पारावर उताणा ठेवला. दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि त्यांच्यावर बसलो. घड्याळात बारा वाजून पन्नास मिनिटं झाली होती. सुटायला चाळीस मिनिटं. जाळी लाल झाली, मग पिवळी. भोंगा वाजायला लागला. आजूबाजूचे आईबाप बघायला लागले. "भाईसाहब, आपका फोन!" मिश्राजी उठून आले. त्यांनी हात पुढे केला.

"हाथ मत लगाइए!" मी ओरडलो. फाटकावरचा शिपाईसुद्धा वळून बघायला लागला. "आप भी बैठिए. बस देखते रहिए."

काय वाटलं कोण जाणे, मिश्राजी बसले. दोघं बघत राहिलो. हाताला मुंग्या आल्या, बोटं बधिर झाली, पण उजवा अंगठा मांडीखाली स्वतःच्या मनाने फडफडत होता. मला वाटत होतं, विझेल. मग वाटायचं, भडकेल. मग वाटायचं, हे सगळं माझ्यामुळेच बिघडेल. चाळीस मिनिटं मी देवाला एकच सांगत होतो, की हिचा पेपर कसाही जाऊ दे, पण ही लवकर बाहेर येऊ दे.

रेवा आली. माझं बसणं बघून थबकली. "हात काहून दाबून बसले तुम्ही?"

मी हनुवटीने फोन दाखवला.

तिने बघितलं. तिच्या हातातली कंपासपेटी खाली पडली आणि उघडली. ती माझ्याजवळ पारावर बसली. बटणांना तिने हात लावला नाही. माझ्या मांडीखालून माझा उजवा हात ओढून बाहेर काढला, तळवा उघडला, त्यावर फोन ठेवला आणि माझी बोटं मिटली.

"ड्यूटी तुमची आहे, बाबा. मी बघते ना सोबत."

पेपर कसा गेला, हे विचारायचं राहूनच गेलं. पडदा पांढरा होत चालला होता. अंगठा बटणांपासून बोटभर लांब होता, घामाने पार भिजलेला. मी त्याला हलू दिलं नाही.